जावळीचं रान कधीच रिकामं नव्हतं

मंडळी, पाऊस सरला की आंबेनळी घाटात गाड्यांची रांग लागते. वरून महाबळेश्वरहून प्रतापगड दर्शनाच्या बसगाड्या येतात, गडावर तास-दोन तास थांबतात आणि आल्या वाटेनं परत फिरतात. खालून मुंबईच्या मोटारी येतात, पोलादपूरला चहा पितात आणि थेट महाबळेश्वर गाठतात. या दोघांच्या मधला मुलूख आपला. त्याच्याबद्दल पाहुण्यांच्या कानावर एकच वाक्य पडतं: इथं पूर्वी घनदाट, निर्मनुष्य जंगल होतं आणि त्यात अफजलखान सापडला.

घनदाट होतं, हे खरं. पण निर्मनुष्य कधीच नव्हतं. तुम्ही म्हणाल, एका शब्दावरून काय भांडायचं? भांडायचं, कारण ज्या रानात माणूस नव्हता असं एकदा ठरलं, तिथल्या माणसाला पुढे कुणी विचारत नाही. धरण करताना विचारत नाही, अभयारण्य करताना विचारत नाही आणि डोंगर खाली येतो तेव्हाही त्याची आठवण दोन दिवसच राहते.

म्हणून गेल्या हिवाळ्यात महाड-पोलादपूरच्या आम्ही तीस-पस्तीस जणांनी एक बस ठरवली. सकाळी सातला निघायचं, रान बघत गडापर्यंत जायचं, अंधार पडायच्या आत परत यायचं. वाटेत गावंनिहाय थांबायचं आणि जे दिसेल त्याचा इतिहास सांगायचा. माइक माझ्याकडे दिला होता. गाडीत शाळेची पोरं होती, निवृत्त मास्तर होते, दोन-तीन सासू-सुनांच्या जोड्या होत्या. त्या दिवशी काय सांगितलं ते इथं लिहितोय. लांब आहे, पण सवडीनं वाचा.

सुरुवात महाडातच केली. रानाची गोष्ट बाजारपेठेतून का सुरू करायची, असं एका पोरानं विचारलं. उत्तर सोपं आहे. महाड हे सावित्रीच्या खाडीवरचं बंदर. बाणकोटहून गलबतं आत यायची. मीठ, सुकी मासळी, नारळ इथं उतरायचे आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढायचे. वरून धान्य, गूळ, तूप, मिरची उतरायची. गंधारपाल्याची लेणी दोन हजार वर्षांच्या आसपासची आहेत. अशी लेणी व्यापाराच्या वाटेवरच खोदली जातात. म्हणजे जावळीच्या रानातून माणसांची, बैलांची ये-जा किती जुनी असेल, याचा अंदाज बांधा. जिथं जकात घेता येते तिथं सत्ता उभी राहते. जावळीच्या मोऱ्यांचं बळ नुसत्या झाडीत नव्हतं, ते या घाटवाटांच्या नाक्यांवर होतं.

महाडची दुसरी ओळख म्हणजे अडचणीत सापडलेल्या मोठ्या माणसांचा आसरा. १७९६ मध्ये पुण्याच्या राजकारणातून निसटून नाना फडणवीस इथं येऊन राहिले. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांकडून हरल्यावर दुसरे बाजीराव पुणं सोडून निघाले, तेही महाडला आले, पुढे समुद्रानं वसईला गेले आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांच्या तहावर सही करून बसले. मागं डोंगर, पुढं खाडी, म्हणजे पळायला दोन्हीकडं वाट. आणि १९२७ मध्ये याच गावात चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, हे महाडकराला वेगळं सांगायला नको.

गावाबाहेर सावित्रीचा पूल आला तेव्हा मी काही बोललो नाही, गाडीच शांत झाली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात १९२८ सालचा जुना दगडी पूल गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. नवा पूल ५ जून २०१७ ला खुला झाला, वर्षाच्या आत. मनात आणलं की सरकार किती लवकर काम करतं, ते या पुलावरून कळतं. मनात कधी आणतं, तेही कळतं.

पोलादपूरला पहिला थांबा. इथं कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून 'शिवभारत' हे संस्कृत काव्य रचणारे ते कवी. मूळचे नेवाशाचे. जावळीचं रान आणि प्रतापगडाचा प्रसंग महाराजांच्या हयातीत ज्यानं शब्दांत मांडला, तो माणूस याच रानाच्या तोंडाशी विसावलाय. महामार्गावरून रोज हजारो गाड्या जातात. किती थांबतात? आमच्या गाडीतल्या पस्तीस जणांपैकी समाधी आधी पाहिलेले चारच जण निघाले, आणि सगळे इथलेच होते.

पोलादपूर सोडलं की रस्ता कापड्याकडं वळतो. इथून उमरठकडं फाटा जातो. उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचं गाव, त्यांची समाधी तिथं आहे. त्याच अंगाला पुढं ढवळे आणि चंद्रगड. महाबळेश्वरला आर्थर सीटवर उभं राहून पर्यटक ज्या दरीकडं बघून ‘बापरे’ म्हणतात, ती दरी म्हणजे आपलं सावित्रीचं खोरं, आणि तिच्या तळाकडं ही गावं आहेत. वरून बघणाऱ्याला फक्त हिरवं दिसतं. खाली भात आहे, नाचणी आहे, देवळं आहेत, सातबारे आहेत.

उत्तरेला कांगोरी, म्हणजे मंगळगड. १८१७ च्या इंग्रज-पेशवे लढाईत हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी मराठ्यांच्या हाती लागले. त्यांना आधी कांगोरीवर ठेवलं, मग कोयनेच्या रानातल्या वासोट्यावर हलवलं. १८१८ मध्ये वासोटा पडला तेव्हा ते सुटले. कैद्याला इतक्या लांब, एका गडावरून दुसऱ्या गडावर न्यायचं म्हणजे वाट माहीत असलेली, शिधा पुरवणारी, पहारा देणारी माणसं हवीत. रिकाम्या रानात तुरुंग चालत नाही.

याच फाट्यावर मी पोरांना आणखी दोन नावं सांगितली: साखर-सुतारवाडी आणि केवनाळे. २२ जुलै २०२१ ला दरडीखाली गेलेल्या पोलादपूर तालुक्यातल्या या वस्त्या. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गेलं, ऐंशीहून जास्त माणसं एका गावातली. त्याआधी २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते. ही नावं इतिहासात नाहीत का? गडावर कोण कधी मेला ते आपण तारखेसकट पाठ करतो. मग ही नावंही पाठ पाहिजेत. नाहीतर पुढच्या पिढीला कुठल्या उतारावर घर बांधू नये, हे कोण सांगणार?

आता घाट. आजची वळणावळणाची आंबेनळीची सडक इंग्रजांच्या काळातली. मुंबईचे गव्हर्नर सेमूर फिट्झगेराल्ड १८६७ ते १८७२ या काळात होते. त्यांच्या नावावरून या घाटाला फिट्झगेराल्ड घाट म्हणत. त्याआधीची चालती वाट म्हणजे पार घाट. कोकणातून चढून पार गावात यायचं, तिथून रडतोंडीच्या घाटानं महाबळेश्वर. साहेबाला रडतोंडी म्हणता येईना, त्यानं रोटुंडा केलं! मुंबईहून महाबळेश्वरला हवा खायला जाणारे साहेब बोटीनं बाणकोट, खाडीनं महाड आणि तिथून पालखीत बसून घाट चढायचे. पालखी उचलणारे भोई, सामान वाहणारे हमाल, रात्री मशाल धरणारे, हे सगळे याच गावांतले. पुढच्या सडकेला सुरुंग लावले, दगड फोडले तेही याच हातांनी. घाटाला नाव मात्र गव्हर्नरचं लागलं.

एका वळणावर ड्रायव्हरनी गाडी बाजूला घेतली. मी सगळ्यांना समोरच्या कापलेल्या कड्याकडं बघायला सांगितलं. वर जांभा, खाली काळा कातळ, मधे मातीचा थर. पाऊस वरच्या थरातून मुरतो, कातळावर अडतो आणि मधली माती सुटते. रस्त्यासाठी डोंगराचा पाय कापलेला असतो, वरचं ओझं तोलायला मग काही उरत नाही. २०२१ च्या त्या दोन दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला आणि हा रस्ता जागोजागी तुटला. घाट कित्येक दिवस बंद होता. त्याही आधी, २८ जुलै २०१८ ला, दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस याच घाटातून दरीत गेली. एक सोडून सगळे गेले. तेव्हा धुक्या-पावसात दोर लावून कोण उतरलं? महाबळेश्वर, पोलादपूर, महाडची पोरं. रान ज्याला पायाखालचं आहे, तोच अशा वेळी उतरू शकतो. ही माहिती कुठल्या दर्शन बसमध्ये सांगतात?

खिंड ओलांडून वाडा कुंभरोशीला आलो. इथं एक गंमत पोरांना फार आवडली. खिंडीच्या अलीकडं पडलेलं पाणी सावित्रीला मिळतं आणि बाणकोटला अरबी समुद्रात जातं. पलीकडं पडलेलं कोयनेला, कोयनेचं कृष्णेला, कृष्णेचं थेट बंगालच्या उपसागराला. दोन थेंबांत हातभराचं अंतर, आणि शेवट देशाच्या दोन टोकांना. त्यावर कोयना धरणानं आणखी उलटापालट केली. वीज करण्यासाठी पूर्वेला निघालेलं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यानं पुन्हा पश्चिमेला पोफळीकडं आणलं आणि वाशिष्ठीत सोडलं.

प्रतापगडाची गोष्ट सगळ्यांना येते. म्हणून मी ती उलट्या बाजूनं सांगितली, रानाच्या बाजूनं. जानेवारी १६५६ मध्ये महाराजांनी जावळी घेतली. चंद्रराव मोरे निसटून रायरीवर गेले आणि त्याच वर्षी रायरीही पडली. ती रायरी म्हणजे पुढचा रायगड. म्हणजे ज्या गडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला, तो जावळीच्या हिशेबातला. मोरोपंत पिंगळ्यांनी भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगड बांधला. तीन वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ ला, भेटीचा प्रसंग. खानाचं सैन्य घोड्यांचं, हत्तींचं, तोफांचं, म्हणजे मोकळ्या मैदानाचं. ते रडतोंडीच्या घाटानं खाली उतरवून पारला आणून बसवलं, तिथंच अर्धी लढाई झाली होती. उरलेली अर्धी झाडीत दबा धरून बसलेल्यांनी केली. पण दबा धरायला कुठली जाळी, पाणी कुठं, पळवाट कुठं, हे कुणी दाखवलं? इथल्याच लोकांनी. रान मावळ्यांच्या बाजूनं लढलं असं आपण कौतुकानं म्हणतो. रान कुणाच्याच बाजूनं लढत नाही, रानातली माणसं लढतात.

गडावरचा अश्वारूढ पुतळा ३० नोव्हेंबर १९५७ चा, अनावरण पंडित नेहरूंनी केलं. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं होतं आणि समितीनं त्या दिवशी गडाच्या वाटेवर निदर्शनं केली. काळी निशाणं घेऊन हजारो माणसं आली. हाही या रस्त्याचाच इतिहास, आणि गाडीतल्या एका आजोबांनी तो मान हलवत ऐकला. त्यांच्या वडिलांच्या तोंडून ऐकलेलं होतं म्हणाले.

दुपारी पारला पिठलं-भाकरी. रामवरदायिनीचं देऊळ बघितलं, कोयनेवरचा शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल बघितला. साडेतीनशे वर्षांच्या आसपास पाऊस खाऊन तो उभा आहे. सावित्रीचा पूल आठवून एक मास्तर नुसते हसले.

तिथं एका पोरीनं विचारलं, "काका, वाघ दिसेल का?"

दक्षिणेला मकरंदगडाची जोडशिखरं दिसत होती. मी तिकडं बोट दाखवलं. त्याच्या पलीकडं कोयना अभयारण्य, १९८५ चं. आणखी खाली चांदोली, तेही १९८५ चं अभयारण्य आणि २००४ पासून राष्ट्रीय उद्यान. दोन्ही मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या जागांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात ही दोन्ही आहेत. वासोट्याचं दुसरं नावच व्याघ्रगड. वाघ दिसणं नशिबाचं, पण शेकरू दिसेल, भेकराचा आवाज येईल, गव्यानं कुणाचं तरी शेत तुडवल्याचं नक्की ऐकू येईल.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एक मावशी म्हणाल्या, "आमचं गाव त्या पाण्याखाली हाय." त्यांचं माहेर कोयनेच्या धरणग्रस्तांचं. १९५० आणि ६० च्या दशकांत शिवसागर भरला तेव्हा खोऱ्यातली गावं उठली, काही रायगड-ठाण्याकडं आणून बसवली. मावशींचा जन्म इकडचाच. त्यांनी ते गाव कधी पाहिलेलं नाही, पण कुठल्या डोंगराच्या कुठल्या सोंडेखाली ते होतं, हे त्यांना आईनं सांगून ठेवलंय. धरणानं वाचलेल्या काही गावांना पुढं अभयारण्यानं उठवलं. वाघाला जागा हवीच, मी त्याच्या विरोधात नाही. पण ज्यांनी आपलं रान दिलं त्यांचं नाव तरी त्या रानाच्या गोष्टीत असावं की नाही? बस गप्प झाली होती. माझ्या तासभराच्या भाषणानं जे झालं नसतं ते त्या एका वाक्यानं झालं.

आता थोडं लांबचं. अमेरिकेत अलास्कामध्ये देनाली नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, १९१७ चं. आत जायला एकच रस्ता, दीडशे किलोमीटरच्या आसपास. १९७२ मध्ये बाहेरचा महामार्ग झाला, गर्दी वाढणार हे दिसलं, तेव्हा त्यांनी ठरवलं: पहिले चोवीस किलोमीटर संपले की खासगी मोटारी बंद, पुढं बसनंच जायचं. दिवसभराची फेरी, ड्रायव्हरच वाटाड्या, अस्वल दिसलं की गाडी थांबते. या उद्यानाला आधी मॅकिन्ली या अमेरिकी अध्यक्षांचं नाव होतं. तिथल्या मूळ रहिवाशांचा शब्द देनाली, म्हणजे उंच. १९८० मध्ये उद्यानाला तो मिळाला. आणि ऐका, ऑगस्ट २०२१ मध्ये, आपला घाट तुटला त्याच्या पुढच्याच महिन्यात, तिथलाही रस्ता डोंगर सरकल्यानं मधेच बंद पडला. त्यांनी बस बंद नाही केली. जिथपर्यंत रस्ता शाबूत तिथपर्यंत नेतात, परत फिरवतात आणि पुढं रस्ता का गेला ते प्रवाशांना समजावून सांगतात. आपल्या डोंगरात आणि त्यांच्या बर्फात काही साम्य नाही. पण सरकणारा डोंगर लपवण्यापेक्षा तो दाखवून शिकवावा, एवढं घेण्यासारखं आहे.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींचं.

एक, नोव्हेंबर ते मे दर शनिवार-रविवारी महाडहून पोलादपूर मार्गे एसटीची दिवसभराची बस असावी. कवींद्रांची समाधी, उमरठ, कुंभरोशी, पार, प्रतापगड आणि परत. महाबळेश्वरच्या बाजूनं दर्शन बस चालते, तर आपल्या बाजूनं का चालू नये? पस्तीस माणसं एका गाडीत बसली की घाटात आठ-दहा मोटारी कमी होतात. पावसाळ्यात बस बंद, यात तडजोड नको.

दोन, वाटाड्या वाटेवरच्या गावातला असावा. वनखात्यानं झाडं-जनावरं शिकवावीत, इतिहासाच्या जाणकारांनी सनावळ्या शिकवाव्यात. पाऊलवाटा त्याला कुणी शिकवायला नकोत. आमच्या तरण्या पोरांना मुंबईच्या गाडीची तिकिटं काढावी लागतात, त्यातल्या दहा जणांना तरी इथं काम मिळेल.

तीन, जिथं डोंगर आला तिथं फलक लागावा. दगडी नको, साधा चालेल. गावाचं नाव, तारीख, किती पाऊस पडला होता आणि डोंगर खाली यायच्या आधी काय दिसलं होतं: भेग, गढूळ झालेला झरा, वाकलेली झाडं. हा फलक वाचणारा पोरगा पुढं गावचा सरपंच होईल. त्याच्या सहीनं कुठं जेसीबी लागायचा आणि कुठं नाही ते ठरेल. इतिहासाचा याहून मोठा उपयोग मला तरी ठाऊक नाही.

महाडच्या आगारात द्यायचा अर्ज तयार आहे. मार्गाचा नकाशा, थांबे, अंतरं, वेळा सगळं त्यात लिहिलंय. येत्या ग्रामसभांमध्ये आपापल्या गावानं बसच्या बाजूनं ठराव घ्यावा, म्हणजे अर्जाला वजन येईल. आणि ठरावात गावाबरोबर वाड्यांची नावंही लिहा. रानातल्या शेवटच्या घरापर्यंतची.